मिलिमीटरला एक कोटी!

दचकू नका. हा मलबार हिलवरच्या फ्लॅटचा रेट नाही. तिथेही अजून मिलिमीटरवर हिशेब सुरू झालेला नाही. हा रेट आहे अँगस्ट्रॉमचा. एका मिलिमीटरमध्ये अँगस्ट्रॉम किती? बरोब्बर एक कोटी. ना एक कमी, ना एक जास्त.

अँगस्ट्रॉम हा शब्द तुम्ही शेवटचा कधी ऐकलात? बारावीला? इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला? इंग्रजी ‘ए’च्या डोक्यावर छोटंसं वर्तुळ काढायचं, टिकली लावल्यासारखं, ती त्याची खूण. अणूंच्या दुनियेतली फूटपट्टी. हायड्रोजनचा एक अणू साधारण एक अँगस्ट्रॉम रुंद असतो. परीक्षा संपली, टिकली पुसली, विषय संपला. माझाही संपला होता. पण मध्यंतरी याच टिकलीनं ऑफिसात माझी अशी काही लाज काढली, की तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

त्या शनिवारी मी भलत्याच मूडमध्ये होते. नवा फ्रीज आला होता आणि किचनमधल्या त्याच्यासाठीच बनवलेल्या खणात तो जात नव्हता. मिस्त्रींना बोलावलं. आमचे मिस्त्री सावंतवाडीकडचे, पन्नाशीचे, कानामागे पेन्सिल. त्यांनी टेप लावली, मान हलवली आणि निकाल दिला, ‘‘ताई, दोन सूत घासावं लागणार.’’

‘‘दोन सूत म्हणजे?’’

‘‘सूत म्हणजे सूत. इंचाचे आठ.’’

मी फ्रीजचं माहितीपत्रक पुढे केलं. त्यात सगळं मिलिमीटरमध्ये. मिस्त्रींनी ते न बघताच परत दिलं. मी हसले. आजच्या जमान्यात सूत काय, वीत काय, हात काय! मोबाइलमध्ये कन्व्हर्टर असताना माणूस सुतात बोलतो म्हणजे कमालच. (हिशेब सांगून ठेवते, पुढे लागेल. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, हे १९५९ मध्ये ठरलं. त्यामुळे एक सूत ३.१७५ मिलिमीटर, दोन सूत ६.३५. म्हणजे फ्रीज आणि माझं सुख यांच्यामध्ये सहा कोटी पस्तीस लाख अँगस्ट्रॉम उभे होते.)

सोमवारी सकाळी साडेदहाला फोन वाजला आणि हसू विरलं.

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत परचेसला आहे. आम्ही लॅबना लागणारं सामान पुरवतो. पुण्यात पीएचडी करणाऱ्या एका मुलीनं आमच्याकडून सिलिकॉनचे वेफर मागवले होते. (वेफर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर अजूनही बटाट्याचेच येतात, पण हे वेगळे. आरशासारख्या चकचकीत गोल चकत्या.) तिची ऑर्डर एका ओळीची होती : चार इंची चकत्या, जाडी ५२५ मायक्रॉन, वर १००० अँगस्ट्रॉम सोनं. पंचवीस नग.

ही ओळ पुन्हा वाचा. व्यास इंचात, जाडी मायक्रॉनमध्ये, सोनं अँगस्ट्रॉममध्ये. एकाच वस्तूची तीन मापं, तीन भाषांत! आणि हा काही त्या मुलीचा घोळ नाही. या धंद्यात सगळे असंच बोलतात. त्यातही गंमत म्हणजे ‘चार इंची’ चकती चार इंचांची नसतेच. ती असते १०० मिलिमीटरची. चार इंच म्हणजे १०१.६. तो दीड मिलिमीटर कुठे गेला, असं कुणी विचारत नाही. चार इंची हे आता तिचं माप नाही, लाडाचं नाव आहे.

तर ही ओळ मी आमच्या ऑर्डरच्या फॉर्ममध्ये चिकटवली. आमच्या सिस्टिमला ती टिकलीवाली ‘ए’ ओळखता येत नाही. तिनं तिथे प्रश्नचिन्ह टाकलं. स्क्रीनवर आलं : ‘सोनं १००० ?’. संध्याकाळचे पावणेसात झाले होते. सात बारा डोळ्यांसमोर होती. सातबाराचा उतारा नव्हे, सात बाराची कर्जत फास्ट. मी म्हटलं, एवढं बारीक माप म्हणजे नॅनोमीटरच असणार. प्रश्नचिन्ह पुसलं, नॅनोमीटर टाइप केलं, एंटर.

एक नॅनोमीटर म्हणजे दहा अँगस्ट्रॉम. मी दसपट जाड सोनं मागवलं होतं.

कोटिंगवाल्यांचं कोटेशन नेहमीपेक्षा जास्त आलं, तेव्हा मी सोन्याच्या भावाला चार शिव्या घातल्या आणि सरांची सही घेतली. बास. ब्रेक लागायची तेवढी एकच जागा होती, तीही गेली.

पंचवीस चकत्यांवर १००० अँगस्ट्रॉम सोनं बसवायला किती सोनं लागतं, हे मी नंतर मांडून बघितलं. अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी! जेमतेम ०.३८ ग्रॅम. मी बसवलं ३.८ ग्रॅम. वरचे साडेतीन ग्रॅम म्हणजे एक बरी अंगठी. कंपनी काही त्यानं बुडत नाही. कोटिंगच्या मशीनचा जास्तीचा वेळ लागला, त्याचंही बिल होतं, तेही पचलं असतं.

न पचणारी गोष्ट वेगळी होती. त्या मुलीला पुढच्या प्रयोगासाठी एक मोठं मशीन तीन दिवस मिळालं होतं. बुधवार ते शुक्रवार. ते मशीन अनेक लॅब मिळून वापरतात. एकदा नंबर गेला की पुढचा पाच आठवड्यांनी. आणि थिसीस द्यायची तारीख त्याआधीची. हे सगळं ती फोनवर अगदी शांतपणे सांगत होती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. शेवटी म्हणाली, ‘‘मॅडम, प्रश्नचिन्ह दिसल्यावर तुम्ही एक फोन का नाही केलात?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘सात बाराची फास्ट’ हे काय उत्तर आहे?

त्या रात्री झोप येईना. लाज वाटत होती ती एका वेगळ्याच कारणानं. मी फिजिक्सची बीएस्सी आहे हो! एमबीए नंतरचं. अँगस्ट्रॉम मला शिकवलेलं होतं. मी जर्नलमध्ये शंभर वेळा लिहिलंय. मग हात का नाही थबकला?

तर याचं मूळ अंधाऱ्या खोलीतल्या त्या प्रॅक्टिकलमध्ये आहे. आठवतंय का? सोडियमचा पिवळा दिवा, स्पेक्ट्रोमीटर आणि काचेची एक पट्टी, जिच्यावर इंचाला पंधरा हजार रेघा मारलेल्या असायच्या. ग्रेटिंग. दुर्बिणीतून बघून कोन मोजायचा आणि पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी काढायची. पट्टी इंचातली, उत्तर अँगस्ट्रॉममध्ये. रोजच्या मापातून अणूच्या मापात उडी मारायला शिकवणारा एवढा झकास प्रयोग दुसरा नाही. पण आमच्यापैकी एकानंही ती उडी मारली नाही. कारण उत्तर आधीच माहीत होतं. ५८९३! सीनिअर्सच्या जर्नलमध्ये होतं, पुस्तकात होतं, दिव्याच्या खोक्यावर कुणीतरी पेन्सिलीनंही लिहून ठेवलं होतं. आम्ही ५८९३ वरून उलटं चालत जायचो आणि कोन ‘मोजायचो’. वीस अंश बावीस मिनिटं. सरांना संशय येऊ नये म्हणून एखादं मिनिट इकडे तिकडे. दहा पैकी नऊ मार्क.

ऑफिसात दिव्याच्या खोक्यावर उत्तर लिहिलेलं नसतं, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या दिवशी बाबांना फोन केला. बाबा वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते, आता रिटायर्ड. त्यांचा मायक्रोमीटर अजून निळ्या मखमलीच्या डबीत आहे. लहानपणी मी त्यात केस धरून मोजायचे. बाबांच्या तोंडी कायम ‘थाऊ’. इंचाचा हजारावा भाग. ‘दोन थाऊ काढ’, ‘अर्धा थाऊ राहिलाय’. मी सगळं सांगितल्यावर ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘आमच्याकडे कार्डावर नुसता आकडा आला, की मशीन चालू नाही करायचं. आडनाव नसलेला आकडा तो. कुठल्या घरचा, काय माहीत?’’

मग थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, ‘‘पण तुझं ते अँगस्ट्रॉम माझ्या थाऊच्या मानानं केवढं गं?’’

मी कॅल्क्युलेटर काढला. उत्तरात शून्यांची आगगाडी आली. दहाचा उणे अमुकवा घात. बाबांना काय सांगणार? आणि खरं सांगायचं तर मला तरी त्यातून काय कळलं होतं? कन्व्हर्टर उत्तर बरोबर देतो, पण ते उत्तर केवढं आहे, हे नाही सांगत. हजार अँगस्ट्रॉम टाका की हजार नॅनोमीटर, त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. माणसाला मात्र एका आकड्याचं नीट कळतं. पगार झाल्यापासून तर फारच. रुपयांचं!

म्हणून मी एक फंडा काढला. एक अँगस्ट्रॉम म्हणजे एक रुपया. धरून चाला.

मग मिलिमीटर झाला एक कोटी. इंच पंचवीस कोटी चाळीस लाख. फूट ३०४ कोटी ८० लाख, म्हणजे तो आपल्या आवाक्यातला नाही, सोडून द्या. मिस्त्रींचं सूत तीन कोटी साडेसतरा लाखांचं. खाली या. ऑफिसच्या प्रिंटरमधला कागद, साधारण दशांश मिलिमीटर जाड, दहा लाख. डोक्यावरचा केस, जाडीप्रमाणे पाच ते दहा लाख. बाबांचा एक थाऊ दोन लाख चोपन्न हजार. साध्या मायक्रोमीटरवरची सगळ्यांत बारीक रेघ, मिलिमीटरचा शंभरावा भाग, एक लाख. बाबा आयुष्यभर लाखाच्या नोटेनं व्यवहार करत होते; त्याहून सुट्टे त्यांच्याकडे नव्हतेच. मायक्रॉन म्हणजे दहा हजार. हिवाळ्यात हवेच्या बातम्यांत येणारा तो पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचा धूलिकण, पंचवीस हजार. आपल्या पिवळ्या दिव्याच्या प्रकाशाची लाट ५८९३ रुपये. नॅनोमीटर म्हणजे दहाची नोट. सोन्याचा एक अणू तीन रुपयांना थोडा कमी, हायड्रोजनचा एक रुपया.

आणि नखं? नख महिन्याला साडेतीनेक मिलिमीटर वाढतं. भागाकार केला तर सेकंदाला तेरा रुपये! म्हणजे तासाभराच्या मीटिंगमध्ये तुम्ही बाकी काही कमावलं नाही तरी प्रत्येक बोटावर सत्तेचाळीस हजार जमा झाले.

आता तीच चूक या हिशेबात बघा. हजार रुपयांचं बिल होतं, मी दहा हजारांचा चेक फाडला. हे मी स्क्रीनवर बघितलं असतं तर झोपेतही जागी झाले असते. ते ग्रेटिंगचं गणितसुद्धा कसं सोपं झालं बघा. इंचाचे २५ कोटी ४० लाख पंधरा हजार रेघांमध्ये वाटायचे. प्रत्येकीला १६,९३३. सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब याहून अवघड असतो.

बरं, ही कोटीची आयडिया माझी असं मी म्हणणार होते. पण नाही. ज्याच्या नावानं हे माप आहे, त्यानंच ती आधी वापरलीय. अँडर्स योनास अँगस्ट्रॉम, स्वीडनमधल्या उप्साला इथला फिजिक्सचा प्रोफेसर. सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात ज्या हजारभर काळ्या रेघा दिसतात, त्यांच्या तरंगलांब्यांचा तक्ता त्यानं १८६८ मध्ये छापला. त्यासाठी त्यानं माप धरलं मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. थेट कोटी! त्याला आपली लाख-कोटीची मोजणी ठाऊक असण्याचं कारण नाही. योगायोग, पण आपल्या फायद्याचा.

या प्रोफेसरसाहेबांची पुढची गोष्ट वाचली आणि मला फार म्हणजे फार बरं वाटलं. इतकी बारीक मापं घ्यायची तर मूळ मीटर पक्का हवा. तेव्हा मीटर म्हणजे पॅरिसमधला धातूचा दांडा. अँगस्ट्रॉमकडे त्याची नक्कल होती. माणूस काटेकोर. आपल्या मनानं ठरवायला नको म्हणून त्यानं आपला दांडा पॅरिसच्या मीटरशी ताडून घेतला. ताडून देणारे होते आंरी त्रेस्का. मेकॅनिकलवाल्यांनो, होय, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्सच्या पेपरातले तेच. त्यांनी कळवलं, तुमच्या दांड्यात इतकी इतकी चूक आहे. अँगस्ट्रॉमनं त्याप्रमाणे सगळे आकडे दुरुस्त केले. आणि पुढे कळलं की दुरुस्तीच चुकलेली होती! मूळ आकडे जास्त बरोबर होते. फरक फार नव्हता, सहा-सात हजारांत एक. आपल्या ५८९३ रुपयांत जवळजवळ एक रुपया. पण हा गडी रुपया-रुपयाचा हिशेब ठेवणारा. त्या पिवळ्या प्रकाशातसुद्धा खरं तर दोन लाटा असतात, ५८९० आणि ५८९६, फक्त सहा रुपयांच्या अंतरावर. तिथे एक रुपया म्हणजे खूप झाला.

त्यानं फोन न करता अंदाज मारला नव्हता. उलट, विचारून घेतलं होतं! तरी फसला. माझा आणि त्याचा गुन्हा एक नाही, हे मला कळतं. तरीही रात्री अडीच वाजता असा सोबती भेटला की बरं वाटतं.

दांड्याचं हे झंझट कायमचं मिटवायला लोकांनी शेवटी उलटा रस्ता धरला. लांबीवरून प्रकाश मोजण्याऐवजी प्रकाशावरून लांबी. १९६० मध्ये मीटर ठरला तो क्रिप्टॉनच्या नारिंगी प्रकाशाच्या लाटा मोजून आणि १९८३ पासून तो प्रकाशाच्या वेगावरून ठरतो. अँगस्ट्रॉम मात्र या घरात सावत्रच राहिला. मापांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीची जी अधिकृत पुस्तिका आहे, तिच्या २०१९ च्या आवृत्तीतून त्याचं नावच गेलं. अधिकृत म्हणाल तर नॅनोमीटर वापरा. पण अणूंशी रोजची ऊठबस असलेले लोक ऐकत नाहीत. त्यांचा माल एक-दोन-तीन अँगस्ट्रॉमचा असतो, ०.२३५ नॅनोमीटर कोण म्हणत बसणार? मिस्त्री सूत सोडत नाहीत ते याच कारणानं. मी उगाच हसले होते.

आणि ज्यांना विकायचंय, त्यांना तर अँगस्ट्रॉम भलताच आवडायला लागलाय. मोबाइल घेताना दुकानदार म्हणतो ना, ‘सर, तीन नॅनोमीटरची चिप आहे’? तीन नॅनोमीटर म्हणजे तीस रुपये, बारा-तेरा सिलिकॉन अणूंची रांग. मला वाटायचं, आत काहीतरी खरंच तेवढं असेल. मंडळी, तसं काही नसतं! त्या चिपमधल्या दोन शेजारच्या गेट्समधलं अंतर पन्नासेक नॅनोमीटर असतं. पाचशे रुपये. पूर्वी, नव्वदच्या दशकापर्यंत, या आकड्याचा चिपवरच्या एखाद्या खऱ्या मापाशी संबंध असायचा. मग तो सुटला आणि आकडा नुसतं नाव म्हणून खाली खाली जात राहिला. नॅनोमीटर संपत आले तेव्हा, २०२१ मध्ये, इंटेलनं पुढच्या पिढ्यांना ‘२०ए’ आणि ‘१८ए’ अशी नावं दिली. ‘ए’ म्हणजे आपला अँगस्ट्रॉम. टिकली काढून!

हे ऐकून मला आमचा बिल्डर आठवला. कार्पेट, बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप. ६५० स्क्वेअर फूट घेतलं आणि आत शिरल्यावर ४५०. फ्लॅटसाठी निदान २०१६ मध्ये रेराचा कायदा आला आणि कार्पेट एरिया सांगणं भाग पडलं. चिपला रेरा नाही. चिप वाईट असते असं नव्हे हं, दर पिढीला ती सुधारतेच. फक्त त्या आकड्यावर कन्व्हर्टर चालवू नका. चार इंची चकतीसारखंच ते, लाडाचं नाव.

असो. मुलीचं काय झालं ते सांगते.

सोमवारी दुपारीच मी सरांकडे गेले आणि सांगितलं, चूक माझी आहे, सिस्टिमची नाही. सर दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, ‘‘ते वरचं सोनं खरवडून परत मिळेल का?’’ मिळतं म्हणे, पण खर्च सोन्याहून जास्त. मग त्यांनीच कोटिंगवाल्यांना फोन लावला. पाच चकत्या, फक्त पाच, १००० अँगस्ट्रॉम. मोठ्यानं, स्पेलिंगसकट. मंगळवारी रात्री अकराला त्या तयार झाल्या. बुधवारी पहाटेच्या शिवनेरीनं मी स्वतः डबा मांडीवर घेऊन पुण्याला गेले. ती गेटवर उभी होती. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, डोळ्यांखाली काळं. डबा घेतला, उघडून बघितला, ‘थँक्यू मॅडम’ म्हणाली आणि पळाली. पाच चकत्यांत तिचं जेमतेम भागलं. वीस हव्या होत्या. थिसीसमधला एक भाग तिला गाळावा लागला, हे तिनं नंतर मला कळवलं. मी विचारलं म्हणून.

जाड सोन्याच्या पंचवीसांपैकी एक चकती माझ्या टेबलावर आहे. आरशासारखी उभी करून ठेवलीय. लिपस्टिक नीट करायला उत्तम. आमच्या फॉर्मवर टिकलीच्या जागी अजून प्रश्नचिन्हच येतं. आयटीला तिकीट टाकलंय, ते ‘इन प्रोसेस’ आहे.

आणि मिस्त्री परवा पुन्हा आले होते, शू रॅकसाठी. मी कागदावर माप लिहून तयार ठेवलं होतं. तीन फूट दोन इंच पाच सूत. त्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला आणि मला मोठ्यानं वाचून दाखवला, ‘‘तीन फूट... दोन इंच... पाच सूत. सूतच ना ताई?’’

‘‘सूतच.’’

मग त्यांनी करवत उचलली.